पटावरची सगळी नावे



जुन्या वर्गमित्रांचे मेळावे हल्ली गावोगाव भरतात. फेटे बांधतात, गुरुजींचा सत्कार होतो, फोटो निघतात. चांगलेच आहे. पण एकदा डोकी मोजून पाहा. पटावर चाळीस नावे असतील, तर आलेले पंधरा-वीस; त्यांत बाया दोन-चार. बाकीची मंडळी कुठे गेली?

१९७५ सालचाच वर्ग घ्या. त्या वर्षी जुन्या अकरावीच्या आणि नव्या दहावीच्या मुलांनी एस. एस. सी. ची परीक्षा एकाच साली दिली. दहावीची मुले आठवीत गेली ती १९७२ साली, ऐन दुष्काळात. घरची माणसे खडी फोडायला, नाहीतर पाझर तलावाच्या कामावर. ताटात मिलोची भाकरी. कुणाची शाळा तिथेच सुटली. कुणी ऑक्टोबरच्या वाऱ्या करून थकला. कुणी मुंबईला गिरणीत लागला आणि १९८२ च्या संपानंतर गावी परतला. आज हे सगळे पासष्टीच्या पुढे आहेत.

मेळाव्याला येतात ते बहुधा पास झालेले, पेन्शन घेणारे. नापास झालेला मनात म्हणतो, “मी जाऊन काय सांगू?” बाकावर मात्र तो तुमच्याच शेजारी बसत होता आणि फडक्यातली भाकरी तुमच्याबरोबर वाटून खात होता.

मुलींचे आणखी अवघड. लग्न झाले की बापाचे नाव गेले, आडनाव गेले. कित्येकींचे तर पाळण्यातले नावही बदलले. पटावरची सुमन सासरी सुनंदा झाली. मोबाईलवर जुने नाव घालून ती कशी सापडणार?

त्याला उपाय आहे. शाळेचे जनरल रजिस्टर कायम जपून ठेवायचे असते. मुख्याध्यापकांना भेटून आपल्या वर्गाची नावे उतरवून घ्या. मग एकेकीच्या माहेरी जा. आईवडील नसले तरी भावजयीला नणंदेचा पत्ता ठाऊक असतो. आमंत्रण तिच्या स्वतःच्या नावाने द्या, आणि ते घेऊन एखाद्या वर्गमैत्रिणीला धाडा. म्हणजे सासरी संकोच राहणार नाही. मेळावा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. तेव्हा माहेरवाशिणी गावात असतात.

वर्गणी लावू नका. ज्याला जमेल त्याने शिधा द्यावा. पिठले-भाकरी पुष्कळ झाली. हळदीकुंकूही ठेवू नका. कित्येकींचे धनी गेलेले असतात, त्या वेशीवरूनच परततील. आणि “जमीन किती? मुलगा काय करतो?” हे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत. कुणाची जमीन गेलेली असते, कुणाचा मुलगा. “तब्येत कशी आहे?” एवढे विचारा. बाकीचे ज्याचे तो आपणहून सांगेल.

भाषणांना फाटा द्या आणि हजेरी घ्या. मुलींची नावे पटावर आहेत तशीच हाका. पन्नास वर्षांत त्या पुऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली नसेल. जे वारले त्यांचेही नाव घ्या आणि क्षणभर उभे राहा.

ज्या नावांना “हजर” आले नाही, ती आपसांत वाटून घ्या. पुढच्या दिवाळीची वाट न पाहता सवड काढून त्यांच्या घरी जा, ओसरीवर बसा, चहा घ्या. जो मेळाव्याला येऊ शकला नाही, त्यालाच तुमच्या भेटीची गरज जास्त असते.