स्मृती हा संचारी भाव आहे

सत्तरच्या दशकातील रॉक संगीत आणि ते ऐकवणारा अमेरिकन एफएम रेडिओ यांच्याविषयी लिहिल्या जाणाऱ्या लेखांचा साचा आता पक्का झाला आहे. रात्रीची वेळ, उशाशी ठेवलेला किंवा मोटारीत बसवलेला रेडिओ, निवेदकाचा खर्जातला संथ आवाज, आणि मग सात-आठ मिनिटे चालणारे एक गाणे. शेवटी ठरलेला उसासा: तसे संगीत आता होत नाही आणि तसा रेडिओही उरला नाही. अमेरिकेत असे लेखन पैशाला पासरी मिळते. मराठी वाचकालाही हा सूर परका नाही. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेल्या पिढीतील काहींनी तो रेडिओ खरोखरच ऐकला होता. इतर अनेकांनी ती हळहळ उसनी घेतली आहे, आणि उसनी हळहळ नेहमीच अस्सलापेक्षा अधिक कडवी असते.

आठवणींशी आमचे वैर नाही. पंधराव्या वर्षी ऐकलेले गाणे पन्नाशीत डोळ्यांत पाणी आणत असेल तर त्यात कोणी लुडबूड करू नये. परंतु हेच लेखक जेव्हा त्या पाण्याच्या साक्षीवर एका दशकाला श्रेष्ठ आणि पुढील सर्व दशकांना कनिष्ठ ठरवतात, तेव्हा ते समीक्षेच्या प्रांतात शिरलेले असतात. तेथे त्यांना पुरावा मागणे हे आमचे कर्तव्य आहे.

या लेखांतील पहिला दावा असा, की तो रेडिओ स्वतंत्र होता, कलावंताच्या बाजूचा होता, बाजार तेथवर पोहोचला नव्हता. इतिहास काय सांगतो? अमेरिकेतील एकाच मालकाची एएम आणि एफएम केंद्रे बहुधा एकच कार्यक्रम दोन्हीकडे लावीत असत. १९६४ मध्ये तेथील दळणवळण आयोगाने मोठ्या शहरांपुरता यावर निर्बंध आणला आणि १९६७ च्या सुमारास तो अमलात आला. एकाएकी शेकडो तासांचे प्रक्षेपण रिकामे झाले. ते स्वस्तात भरणे मालकांना भाग होते, आणि लाँग-प्ले तबकडी हा स्वस्त माल होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या केंद्रावर, जेथे तोवर परभाषिक कार्यक्रम चालत, टॉम डोनाह्यू यांनी एप्रिल १९६७ मध्ये आपली पद्धत सुरू केली: ब्लूज, फोक, जॅझ, रॉक एकापाठोपाठ, तबकडीतील हवे ते गाणे, हवे तितके लांब. ते स्वातंत्र्य खरे होते, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण ते एका सरकारी नियमाने पाडलेल्या फटीत उगवले होते, आणि फार काळ टिकले नाही. मार्च १९६८ मध्ये, म्हणजे वर्षही पुरे होण्याआधी, तेथील मंडळी मालकांविरुद्ध संपावर गेली. पुढे डोनाह्यू आणि त्यांचे सहकारी केसॅन या केंद्रावर आले, आणि ते केंद्र मेट्रोमीडिया या बड्या कंपनीचे होते. १९८० मध्ये त्याच केसॅनने रॉक सोडून कंट्री संगीत लावण्यास प्रारंभ केला.

आणि सत्तरचे दशक? ज्याच्या नावाने हे सारे गळे काढले जातात, ते दशक या स्वातंत्र्याच्या अस्ताचे आहे. ली अब्रॅम्स यांनी श्रोत्यांच्या पाहण्या घेऊन 'सुपरस्टार्स' नावाचा साचा तयार केला आणि अनेक शहरांतील केंद्रांनी तो विकत घेतला. कोणत्या कलावंतांची कोणती गाणी आणि किती वेळाने पुन्हा लावायची, हे आता निवेदकाच्या हाती उरले नाही. खर्जातला आवाज तोच राहिला, निवड मात्र दुसऱ्याची झाली. स्मरणलेखकाला आठवतो तो आवाज. त्यामागची यादी कोणी केली, हा प्रश्न त्याला पडत नाही. अमेरिकेत एकल तबकडी म्हणून कधीच न निघालेले लेड झेपेलिनचे १९७१ चे 'स्टेअरवे टू हेवन' रेडिओवर अखंड वाजत राहिले, याला तो बाजारावरील कलेचा विजय म्हणतो. एकल तबकडी नसली की संपूर्ण अल्बम विकत घ्यावा लागतो, हे साधे व्यापारी गणित त्याच्या लेखात कोठेही येत नाही.

दुसरा दावा अधिक गंभीर आहे: त्या काळी उत्तम ते आपोआप ऐकू येत असे. कोणाचे उत्तम? रॉक संगीताचा पाया कृष्णवर्णीय कलावंतांच्या ब्लूजमध्ये आहे, हे प्रत्येक स्मरणलेखक पहिल्या परिच्छेदात विनयाने नमूद करतो आणि दुसऱ्यापासून विसरतो. विली डिक्सन यांना 'होल लॉटा लव्ह' या गाण्यासाठी लेड झेपेलिनविरुद्ध दावा लावावा लागला आणि १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. फंकाडेलिकने १९७१ मध्ये 'मॅगट ब्रेन' हा अल्बम काढला. त्यातील गिटार ज्याला रॉक वाटत नाही त्याने आपले कान तपासून घ्यावेत. तरीही 'क्लासिक' म्हणून मिरवणाऱ्या केंद्रांच्या यादीत त्यांना क्वचितच जागा मिळाली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांना 'ब्लॅक रॉक कोअ‍ॅलिशन' स्थापन करावी लागली, ती उगाच नव्हे.

आणि ज्या रात्रीबद्दल हे लेख सहसा मौन पाळतात तीही येथे नोंदवली पाहिजे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर रॉक केंद्राचा निवेदक स्टीव्ह डाल याने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून दिला. तबकडी आणणाऱ्यास प्रवेश अवघ्या ९८ सेंटांत होता. प्रेक्षक मैदानात घुसले, पोलीस बोलवावे लागले, दुसरा सामना सोडून द्यावा लागला. आपल्याला केवळ एक विनोद करायचा होता, असे डाल सांगत आला आहे. पण त्या दिवशी तेथे कामावर असलेल्या आणि पुढे हाउस संगीतात नाव मिळवलेल्या विन्स लॉरेन्स यांनी सांगितले आहे की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेले, निव्वळ कृष्णवर्णीय कलावंतांचे कितीतरी अल्बम होते. डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समूहांच्या नृत्यगृहांतून वर आलेले संगीत. रॉक रेडिओचा श्रोता त्या रात्री काय जाळत होता, याचा विचार केल्याशिवाय त्या रेडिओचे गोडवे गाणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते. डोना समर आणि जॉर्जिओ मोरोडर यांचे १९७७ चे 'आय फील लव्ह' पुढील कित्येक दशकांच्या संगीताची पायाभरणी करून गेले. स्मरणलेखकाच्या सत्तरीत त्याला स्थान नाही.

मग ज्याला आपण 'सत्तरचे रॉक' म्हणतो ते आले कोठून? १९८० च्या दशकाच्या मध्यावर 'क्लासिक रॉक' नावाची केंद्रे निघाली. कमावत्या झालेल्या जुन्या श्रोत्याला जाहिरातदारांपुढे उभे करणे हा त्यांचा उद्देश होता. दहा वर्षांतील हजारो गाण्यांतून काही शे गाणी निवडली गेली आणि तीच फिरून फिरून वाजली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा उठवली, आणि क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे सुमारे बाराशे केंद्रे गोळा झाली. तेव्हा आज जी आठवण स्वतःची म्हणून सांगितली जाते, तिची मशागत चाळीस वर्षे दुसऱ्याच कोणी केली आहे. माणूस आपले तारुण्य आठवतो आहे असे त्याला वाटते, प्रत्यक्षात तो एक यादी पाठ म्हणत असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी याची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. कारण आपल्या वर्गातही हेच चालते. अमुक पिढीनंतर कविता संपली, तमुक नियतकालिके बंद पडली आणि वाङ्मयीन वातावरण गेले, असे सांगणारे अध्यापक आपणा सर्वांना भेटले आहेत. नकळत आपणही तसे बोललो असू. समोर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला त्यातून एकच गोष्ट समजते: ती उशिरा जन्मली. तिच्या हाती असलेले पुस्तक वाचण्याआधीच नापास झाले आहे. आणि जुने पुस्तकही तिला नीट वाचता येत नाही, कारण पूज्य वस्तूशी भांडता येत नाही. अभ्यासक्रमाची यादीही कोणीतरी, काही हेतूने, काहींना वगळून केलेली असते. तिच्यावर आठवणीचा शेंदूर फासला की तो हेतू आणि ती वगळणूक दोन्ही दिसेनाशी होतात.

स्मरणरंजनाचे दोन प्रकार स्वेतलाना बॉयम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात वेगळे केले: हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहणारे, आणि हरवण्याचाच विचार करणारे. हा भेद उपयुक्त आहे. पण त्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. नाट्यशास्त्राने स्मृतीला तेहतीस संचारी भावांत बसवले आहे. संचारी भाव येतो, स्थायी भावाला पुष्ट करतो आणि जातो. त्याला स्थायीचे आसन दिले की रसनिष्पत्ती होत नाही. रेडिओवरील त्या लेखांत नेमके हेच घडते: गाणे बाजूला राहते आणि आठवणारा मधोमध येऊन बसतो.

यावर उपाय अवघड नाही. ज्यांना ते दशक प्रिय आहे त्यांनी ते पुन्हा ऐकावे, पण आठवणीतून नव्हे, कानांनी. यादीत जे कधीच आले नाही तेही शोधून ऐकावे. एखादे लाडके गाणे तेव्हा वाटले तितके मोठे नाही असे आढळले, तर तेही लिहावे. असा लेख कोणी लिहिला तर आम्ही तो प्रथम वाचू आणि वर्गातही वाचून दाखवू. तोवर मात्र कोणाच्याही उसाशाला निकाल मानण्यास आम्ही तयार नाही.