पुन्हा जोर-बैठका

गेल्या महिन्यात फज्रनंतर अब्बा न्हाणीघरात घसरून खाली बसले. मार लागला नव्हता, अलहम्दुलिल्लाह. पण त्यांना उठवताना आम्हा नवरा-बायकोची दमछाक झाली. शेवटी शेजारच्या कोळ्याच्या घरातला तरुण धावून आला. सारसोळ्याच्या जेट्टीवर रोज होडीची ओढाताण करणारे हात ते! त्याने अब्बांना अलगद उचलून पलंगावर बसवले. तो गेल्यावर आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. कोपऱ्यात आमचे डंबेल्स धूळ खात पडले होते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेने वर्षाची फी भरून जिम लावली होती. सहा महिने नेमाने गेलो. मग रमजान आला, म्हटले महिनाभर विश्रांती. ईदनंतर पाहुणे, पाहुण्यांनंतर पाऊस. त्यानंतर उरली ती लाज. इतक्या दिवसांनी गेलो तर लोक काय म्हणतील? जुने वजन उचलले नाही तर? सुटलेला व्यायाम पुन्हा सुरू होत नाही, तो बहुतेक वेळा या लाजेमुळे.

अशा वेळी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवावेत. कोल्हापूरच्या लाल मातीत तयार झालेला हा मल्ल 1948 साली लंडन ऑलिम्पिकला गेला. तिथे कुस्ती गादीवर होती आणि नियमही वेगळे होते. खाशाबा सहावे आले. त्यांनी घरी परतून लंगोट खुंटीला टांगला असता, तर कुणी दोष दिला नसता. पण ते पुन्हा मेहनतीला लागले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

आपल्याला ऑलिम्पिकला जायचे नाही. अम्मी-अब्बांना आधार द्यायचा आहे, आणि उद्या स्वतः कुणावर ओझे व्हायचे नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर ही घट वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 2 दिवस ताकदीचा व्यायाम करायला सांगते, स्त्रियांनाही. दिलाशाची गोष्ट अशी, की एकदा कमावलेली ताकद गेली तरी नव्याने शिकणाऱ्यापेक्षा ती लवकर परत येते.

आम्ही काय केले ते सांगतो. हुरूप येण्याची वाट पाहिली नाही. आधी हातपाय हलवले, हुरूप मागून आला. वेळ बांधून घेतली, सोमवारी आणि गुरुवारी असरच्या नमाजनंतर 15 मिनिटे. नमाजची वेळ चुकत नाही, म्हणून तिच्या पाठीला बांधलेला व्यायामही चुकत नाही. पूर्वीच्या निम्म्या वजनापासून सुरुवात केली. खुर्चीवरून हात न टेकता 10 वेळा उठबस, भिंतीला हात लावून 10 जोर, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन 10 वेळा वर-खाली. दोन आठवडे सोपे गेले की 2-2 वाढवायचे. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचे दुखणे असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ताटात डाळ, अंडी, मासळी असू द्यावी. नुसत्या चहा-खारीवर स्नायू भरत नाहीत.

आणि एखादा वार चुकला तर? चुकलेल्याची भरपाई म्हणून दुप्पट करायचे नाही, पुढचा वार गाठायचा. रमजानमध्ये बंद न करता इफ्तारनंतर थोडे कमी करायचे. थोडे पण नेमाने, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती फक्त इबादतीपुरती का ठेवावी?

आज पाचवा आठवडा आहे. अब्बाही आता डॉक्टरांना विचारून खुर्चीवरून उठबस करतात. काल त्यांनी आकडा मोठ्याने मोजला: सात! आमचे मात्र बारा झाले, असे ऐकवताच ते म्हणाले, "थांब, पुढच्या गुरुवारी बघतो तुला."