आधी कागद, मग वकील

मावशी शस्त्रक्रियेनंतर गेली, तेव्हा जो तो काकांना सांगे, "चांगला वकील गाठा." चांगला म्हणजे कोणता, हे मात्र कोणी सांगेना. पहिल्या वकिलांनी फी सांगितली, दुसऱ्यांनी भरपाईचा आकडा. तिसऱ्यांनी विचारले, "केसपेपर कोठे आहेत?" माझ्या मते वकील ओळखण्याची खूण हीच.

मृत्यू झाला म्हणजे हयगय झालीच, असे नव्हे. ती सिद्ध करावी लागते आणि पुरावा असतो रुग्णालयाच्या कपाटात. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असा २००२ च्या वैद्यकीय नियमावलीचा दंडक आहे. पण मागायचे कोणी?

१९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचारांदरम्यान दगावला. वडील स्वतः डॉक्टर, तरी सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल हाती यायला १९६८ उजाडले. भरपाई ३,००० रुपये!

१९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले, हे आपले भाग्य. ग्राहक आयोगापुढे वकिलाविनाही बाजू मांडता येते. स्त्रियांना व अल्प उत्पन्न असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. तक्रारीची मुदत मात्र दोनच वर्षे.

त्यांतले वीस महिने काकांनी नामांकित वकील शोधण्यात घालवले. मित्रहो, दुःखात घड्याळ कोण पाहतो? म्हणूनच घरातल्या शिकलेल्या मुलाने पहिला अर्ज कागदांसाठी लिहावा. मी तो लिहिला नाही, ही खंत आहे.