मंगला गौरीच्या अंगणातल्या रंगमंचासाठी

प्रति,
संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र शासन
आणि वाराणसीतील सांस्कृतिक उपक्रमांची जबाबदारी असलेले अधिकारी



काशीत पंचगंगा घाटाच्या वर मंगला गौरीचे देऊळ आहे. तिथून ब्रह्माघाट, दुर्गाघाटापर्यंतच्या गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यानपिढ्या नांदली. आता ती विरळ झाली आहेत. पोरे नोकरीसाठी दूर गेली. तरी श्रावणातले मंगळवार आणि गणपतीचे दिवस आले की वाडे पुन्हा गाऊ लागतात. हे गाणे आणि हा छोटा रंगमंच टिकावा, म्हणून हे पत्र.

मंगळागौरीच्या जागरणात एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. वाद्य नसले तरी चालते. टाळ्या आणि पावलेच ताल धरतात. साठीच्या काकू आणि नवी सून एका लयीत आल्याशिवाय पिंगा रंगत नाही. गणपतीतल्या नाटकाचेही तसेच. दिवसभर हिंदी बोलणारी मुले मराठी संवाद घोकतात, आजी त्यांच्याकडून ‘ळ’ घोटवून घेते, जुन्या नऊवारीचा पडदा होतो. प्रयोगात कुणी अडखळले की पुढचा शब्द पहिल्या रांगेतून येतो, कारण तालमी सगळ्या वाड्याने ऐकलेल्या असतात.

किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाने महाराष्ट्राला वेड लावले. त्या नाटकांची नांदी सगळ्यांनी मिळून म्हणायची असते: आधी मंडळीचा सूर, मग एकेकाचे पद. आमच्या अंगणात ही रीत अजून जिवंत आहे. आणि गल्लीतली कला लहान समजू नये. इथल्याच बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे रियाज केला.

शहरातल्या सिगरा भागात 2021 मध्ये 1200 आसनांचे ‘रुद्राक्ष’ संमेलन केंद्र उभे राहिले. शहराला त्याची गरज होतीच. पण साठ-सत्तर प्रेक्षकांचा प्रयोग तिथे हरवून जाईल. त्याला अंगणच हवे. म्हणून तीन मागण्या करते.

पहिली: महाराष्ट्रातून एका रात्रीसाठी मोठे नाटक पाठवण्याऐवजी पंधरा दिवसांसाठी एक दिग्दर्शक आणि एक समूहगानाचा मार्गदर्शक पाठवा. नाटक पाहून मुले टाळ्या वाजवतील. तालमीला उभी राहिली तर पुढच्या वर्षी स्वतः नाटक बसवतील.

दुसरी: अनुदान देताना प्रेक्षकांची संख्या मोजू नका. किती घरांतली माणसे रंगमंचावर आली आणि त्यात किती मुले होती, ते पाहा. लहान वस्तीच्या कलेचे खरे माप तेच आहे.

तिसरी, आणि सर्वांत तातडीची: वृद्ध स्त्रियांच्या तोंडी असलेली गाणी चालींसह ध्वनिमुद्रित करा, त्यांचे शब्द लिहून घ्या आणि ती इथल्या मुलांना शिकता येतील अशी सोय करा.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आम्हाला मान्य आहे. आमच्या गाण्याला ध्वनिक्षेपक लागतच नाही. लागतात ते शिकवणारे, शिकणारे आणि चार दिवस मोकळे मिळणारे अंगण. यांतले शिकवणारे फार काळ थांबू शकणार नाहीत. येत्या श्रावणाआधी ध्वनिमुद्रणाला सुरुवात व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
मंगला गौरी परिसरातील एक रहिवासी