तयार कागद नको

मागच्या लेखात मी बख्शी का तालाबला सायनोटाइप शिकतोय असं लिहिलं, तेव्हा तीन जुन्या सहकाऱ्यांचा एकच सल्ला आला. लेप लावलेल्या तयार कागदाचं किट मागव, उन्हात ठेव, पाण्यात धू, झालं काम. एकाने तर मोबाइलमधला निळा फिल्टर सुचवला. सल्ला आपुलकीचा आहे, पण साफ चुकीचा आहे.

किट मीही आणलं होतं. बारा कागद, बाराही प्रिंट झकास. तेराव्या दिवशी मला काहीच येत नव्हतं.

मग दोन बाटल्या आणल्या. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिलीत. दोन्ही समभाग मिसळायचं, पिवळ्या बल्बखाली ब्रशने कागदावर लावायचं, अंधारात वाळवायचं. एवढंच. आणि पहिल्या आठवड्यातले सगळे प्रिंट फिकट! झेरॉक्सच्या कागदात खडू असतो, आणि क्षार या निळ्याचा वैरी. चित्रकलेचा जाड कागद घेतला, तर धुताना रंग उडू लागला. दोष आमच्या बोअरच्या पाण्याचा. बादलीला पांढरा थर बसतो ते पाणी. धुण्याच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड टाकलं, तेव्हा निळा टिकला. मग जानेवारी आला. धुक्यात वीस मिनिटं ठेवलेला कागद नळाखाली कोरा झाला. तेव्हा पुठ्ठा सरकवत दर पाच मिनिटांची पट्टी काढायला शिकलो. मे महिन्यात तेच काम काही मिनिटांत होतं.

कागद, पाणी, ऊन. शिकायचं ते एवढंच, आणि किटवाला नेमकं तेवढंच स्वतःकडे ठेवतो. आपल्याकडे रिक्रूटला रायफल उघडून जोडायला लावतात. जोडलेली हातात देऊन "चालव" म्हणत नाहीत.

"पोरखेळ" म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. जॉन हर्शेल यांनी ही पद्धत 1842 मध्ये शोधली. पुढे इंजिनिअरांचे नकाशे याच रीतीने निघू लागले. ब्लूप्रिंट शब्द तिथला. 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअरांनी वेढलेल्या मॅफेकिंगमध्ये टपाल तिकिटं संपली, तेव्हा वेढ्यातल्या लोकांनी याच पद्धतीने तिकिटं छापली. एकावर सायकलवरचा सार्जंट-मेजर गुडइयर, दुसऱ्यावर बेडन-पॉवेल. त्यांना किट कोण पाठवणार होतं?

अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी तर 1843 पासून समुद्रशेवाळं थेट कागदावर ठेवून पुस्तक केलं, कॅमेऱ्याशिवाय. हे आपल्यासाठी महत्त्वाचं. तळावर कॅमेरा उचलायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगची आठवण म्हणून बहुतेकांकडे निरोपसमारंभाचा एक ग्रुप फोटो उरतो. क्वार्टरच्या अंगणातल्या कडुलिंबाची डहाळी काचेखाली दाबायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. ती याच झाडाची, याच उन्हातली, याच खारट पाण्यात धुतलेली. फिल्टरला यातलं काय ठाऊक?

लखनौत आणखी एक निळा आहे. चिकनच्या कापडावर लाकडी ठशाने नीळ छापतात, त्यावरून बायका टाके घालतात, आणि शेवटी धोबी ती नीळ धुऊन टाकतो. तिथे छाप जातो, काम उरतं. माझ्याकडे पाणी पिवळं काढून नेतं आणि निळं ठेवतं. ही गंमत मला धुण्यात दोन महिने वाया घालवल्यावर कळली. बाराही प्रिंट पहिल्या फटक्यात जमले होते तेव्हा धोब्याकडे लक्षही गेलं नव्हतं.

किटचं दुसरं पाकीट अजून न उघडता पडलंय. ज्यांनी सल्ला दिला त्यांनी येऊन घेऊन जावं, पैसे नकोत. बाटल्या मात्र मागू नका.