बूट चावला की स्विंग गेला

हल्ली प्रत्येक ऑफिसात एकजण तरी गोल्फकडे वळलेला असतोच. ड्रायव्हर कुठला घ्यावा यावर तो तासभर बोलेल, शूज मात्र सेलमधून नेहमीच्या नंबरचे उचलेल. मला हे अजिबात पटत नाही. अहो, अठरा होल चालत खेळायचे म्हणजे चार तासांत आठ-दहा किलोमीटरची तंगडतोड! त्यात उजव्या हाताने खेळणाऱ्याचं वजन स्विंगच्या शेवटी डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर येतं. नेमकं तिथेच पाऊल बुटात सरकलं, तर बॉल कुठल्या झाडीत जाईल ते विचारू नका.

म्हणून खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. खेळताना घालता तेच मोजे घाला. अंगठ्यापुढे जराशी जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. पंजा रुंद असेल तर 'एक नंबर मोठा घ्या' हा सेल्समनचा सल्ला ऐकू नका. वाइड फिटिंग मागा.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर खरी गाठ आपल्या पावसाळ्याशी. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत नुसता कपाटात पडूनही खराब होतो आणि एके दिवशी चक्क त्याचा भुगा होतो. त्यामुळे 'ठेवणीतले' शूज ही आयडियाच बाद! भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, चामडं तडकतं. आणि स्पाइक्स झिजले म्हणून बूट टाकू नका, बहुतेक जोड्यांना ते बदलून बसवता येतात.