हंडा वाहणं म्हणजे सराव नव्हे

कविता राऊतचं नाव निघालं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. नाशिक जिल्ह्यातल्या हर्सूल भागातला सावरपाडा, आदिवासी घर, लांबून पाणी आणायचं, पायात काही नाही, म्हणूनच ही पोर अशी पळाली! मग 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव, हारतुरे, टाळ्या. आमच्या सावनेरातही भाषणांतून ही गोष्ट ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा अशा पुरुषांच्या तोंडून, ज्यांनी उभ्या जन्मात एक हंडा उचललेला नसावा.

मैत्रिणींनो, हंडा वाहणं हा सराव असता तर त्या पाड्यांवरच्या साऱ्याच पोरी एशियाडला गेल्या असत्या. त्या गेल्या नाहीत. त्यांच्या शाळा सुटल्या आणि कमरा गेल्या. त्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका लाकडी ओंडक्यांवरून तास नदी ओलांडून पाणी आणतात, हे फोटो २०२२ च्या जानेवारीत साऱ्या महाराष्ट्रानं पाहिले. कविताला पदकं मिळून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

ती पळाली कारण नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले, वर्षानुवर्षं शिस्तीचा सराव मिळाला, पुढे ओएनजीसीत नोकरी मिळाली. नोकरी म्हणजे महिन्याचा पगार, पोटभर खाणं, बूट आणि स्वतःच्या शरीरासाठी हक्काचा वेळ. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिनं ब्राँझ मिळवलं. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य. सुवर्ण मिळवणारी केरळची प्रीजा श्रीधरन तिच्यापेक्षा एका सेकंदाहूनही कमी अंतरानं पुढे होती. पंचवीस फेऱ्या पळून एका सेकंदाचाही फरक नाही! २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक.

कविता जन्मली १९८५ साली. तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी १०,००० मीटर शर्यतच नव्हती, ती आली १९८८ ला. मॅरेथॉन १९८४ ला. १९२८ साली बायका ८०० मीटर पळाल्या तर 'त्यांना झेपत नाही' म्हणून ती शर्यत पुढे १९६० पर्यंत बंद ठेवली. डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालणं मात्र बाईला झेपत नाही, असं कुणी म्हटलं नाही.

आणि ही लाडकी एक्स्प्रेस २०२४ साली जाहीरपणे सांगत होती की शासकीय नोकरीत आपल्याला डावललं गेलं, आदिवासी असल्यामुळे डावललं गेलं. गरिबीचे गोडवे गाणारे तेव्हा कुठे होते?

हे सावनेरातून लिहायचं कारण वेगळं आहे. इथेही पहाटे मुली पळतात, पोलीस भरतीसाठी. ८०० मीटरची वेळ काढायची असते. पळायला जागा म्हणजे रस्त्याची कड, शेजारून ट्रक जातात, अंधार असतो, टवाळखोर असतात. घरी आल्यावर भाकरी आणि धुणं वाट पाहत असतं. दोनदा भरती हुकली की लग्न. भावाला मात्र तिसरी, चौथी संधी. 'जिद्द असेल तर पोरगी कुठूनही पुढे येते' हे वाक्य या मुलींना ऐकवू नये. त्यांच्यात जिद्द कमी नाही.

शाळेचं मैदान पहाटे पाचला उघडं हवं, तिथे दिवा आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह हवं, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी जाणकार प्रशिक्षक. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथे हा ठराव मांडता येतो. आमच्या गटानं मसुदा तयार केला आहे, ज्या गटांना हवा असेल त्यांनी मागवून घ्यावा. मुलींना सोबत नेऊन त्यांनाच तो वाचू द्यावा.